वरचं पाणी

नूतनला किळस येत नाही अशी वस्तू शोधायला निघालात तर चपला झिजतील. लिफ्टचं बटण ती कोपराने दाबायची. हॉटेलात ग्लास उजेडासमोर धरून आरपार बघायची आणि शेवटी घरून आणलेल्या बाटलीतलंच पाणी प्यायची. मस्कतला वादी कबीर भागातल्या शाळेत ती गणित शिकवायची आणि पोरांच्या वह्या तपासून झाल्या की साबणाने हात धुतल्याशिवाय स्वतःच्या पर्सला शिवायची नाही. बाई स्वच्छ होती ह्यात वाद नाही. पण स्वच्छ असणं वेगळं आणि जन्मभर नाक मुरडत जगणं वेगळं, हे तिला सांगणार कोण? सांगायला जाणाऱ्याच्या नखांकडेच तिचं आधी लक्ष जायचं.

आणि ह्या सगळ्या किळसवाण्या जगात पहिला नंबर होता तिच्या नवऱ्याचा.

कृष्णकांत तसा भला माणूस. दारू नाही, शिवीगाळ नाही, एका बांधकाम कंपनीत मान खाली घालून हयात काढली. पण चहाचा भुरका असा मारायचा की शेजारच्या फ्लॅटमध्ये कळावं, साहेबांचा चहा झाला. सकाळी बेसिनपाशी खाकरायला लागला की नूतन कानात बोटं घालून गॅलरीत जायची. रात्री खालची कवळी काढून वाटीत ठेवायचा, आणि वाटी कुठली, तर स्वयंपाकघरातली, आमटीची. नोकरी होती तोवर दिवसभर बाहेर असायचा, म्हणून निभत होतं. आता तो रिटायर झाला होता. महिनाअखेरीला दोघांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. तिथे हा माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत समोर असणार, त्याचे सगळे आवाज आणि सगळे वास घेऊन. नुसत्या विचारानेच नूतन उठून हात धुऊन यायची.

म्हणून तिने गुपचूप एक उद्योग केला होता. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला विचारलं, मला अजून दोन वर्षं ठेवून घ्याल का? बाई म्हणाल्या, आनंदाने, व्हिसाचंही शाळाच बघेल, फक्त शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा उघडली की नक्की काय ते कळवा. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. "तुम्ही पुढे व्हा, मी दोन वर्षांनी येते." हे वाक्य तिने आंघोळ करताना, भाजी चिरताना, पेपर तपासताना घोटून घोटून पाठ केलं होतं. दोन वर्षं संपली की आणखी दोन मागता येतात, हेही तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात बंगलोरहून लेकीने, तेजश्रीने, दोघांच्या नावाने एक सहल बुक करून टाकली. म्हणाली, "आई, इतकी वर्षं ओमानमध्ये काढलीत, मॉल आणि मंडळाचा गणपती सोडून काय पाहिलंत?" निझव्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत हारत सिद्र नावाचं जुनं शहर होतं. गल्लीगल्लीतून दगडी पाट वाहतात, त्यांना इथे फलज म्हणतात. तिथल्या गेस्ट हाउसच्या जाहिरातीत लिहिलं होतं, घाई करू नका, डोळे, कान, नाक, जीभ सगळं उघडं ठेवून या. नूतनला नाक उघडं ठेवायला सांगायचं म्हणजे आगीत तूप ओतण्यासारखं. पण तिने विचार केला, बरं आहे, डोंगरात एकांत असेल, दोन दिवस मोकळे असतील. तिथे ते वाक्य बोलून टाकू.

गुरुवारी दुपारी ते पोचले. शहर खरोखरच देखणं होतं, उगाच खोटं कशाला बोला. तीन-तीन मजली मातीची घरं, काही ढासळलेली, काही नुकती लिंपून नीट केलेली. मध्ये खजुरांची दाटी, आणि त्या सगळ्यातून हातभर रुंदीचं पाणी वाहत चाललेलं. पायऱ्यांच्या कडेने, भिंतींखालून, मशिदीच्या अंगणातून, सगळीकडे त्याचा बारीक आवाज. आता ह्यात नूतनला काय दिसलं? खजुराच्या आळ्यात पडलेली गाढवाची लीद, आणि त्या लिदेवरून उठून आपल्या हातावर बसलेली माशी.

गेस्ट हाउस चालवायचा उस्मान. दाभोळकडचा, पूर्वी मस्कतजवळ बरक्याला किराणा दुकान होतं, ते विकून इथे आला. गावाने जुनं घर त्याला भाड्याने दिलं होतं ते एका अटीवर, पाहुण्यांकडून पाण्याला धक्का लागता कामा नये. माणूस बोलघेवडा. ग्राहकाशी दुकानदार बोलतो तसं सगळ्याचं कौतुक करत बोलायचा.

"साहेब, वहिनी, हितं घड्याळ काढून ठेवायचं बगा," तो म्हणाला. "पाणी ज्या चालीनं चालतंय त्याच चालीनं आपण चालायचं."

"आणि पाणी थांबलं तर?" नूतनने विचारलं.

"पाणी कशाला थांबंल, वहिनी? शेकडो वर्षं नाय थांबलं."

त्याने त्यांना आधी थेट वर नेलं, जिथे डोंगराच्या पोटातून पाणी पहिल्यांदा उजेडात येतं. काळ्या दगडांचं एक टाकं, तळाचा खडान् खडा दिसावा इतकं नितळ. उस्मानने सांगितलं, हे फक्त प्यायचं पाणी. इथे कुणी पाय बुडवत नाही, भांडं विसळत नाही, लहान पोरसुद्धा थुंकत नाही. इथून खाली गेलं की मशिदीत हातपाय धुवायला, मग पुरुषांची आंघोळीची जागा, मग बायकांची, मग धुणीभांडी, त्याच्याही खाली मयताला आंघोळ घालायची खोली, आणि सगळ्यात शेवटी खजुराच्या बागा. घरोघर आता नळ आलेत, पण म्हातारी माणसं अजून प्यायला हेच नेतात. क्रम मोडत नाही कुणी.

नूतनने नीट ऐकून घेतलं. शिक्षिकेच्या जातीला ऐकण्याची सवय असते. फक्त त्यातून तिने भलताच धडा घेतला. ती मनाशी म्हणाली, म्हणजे वरच्या टाक्याखाली जे जे पाणी आहे ते सगळं कुणाचं ना कुणाचं उष्टंच.

कृष्णकांत मात्र पोरासारखा हरखला होता. दगडाला कान लावून त्याने पाण्याचा आवाज ऐकला. ओंजळ भरून टाक्यातलं पाणी प्यायला, हनुवटीवरून शर्टावर सांडलं. "नूतन, घे गं, काय गोड आहे."

"मासे आहेत त्यात," ती म्हणाली. खरंच होते, बोटाएवढे, पारदर्शक.

"मासे हायेत म्हणून तर पाणी साफ हाय, वहिनी," उस्मान म्हणाला.

"हो, आणि ते मासे काय संडासला दुसरीकडे जातात?"

कृष्णकांत खो खो हसला, हसताना कवळी सुटली, ती त्याने अंगठ्याने जागेवर दाबली. नूतनने मान वळवली.

पुढचं सगळं असंच. उस्मानने लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरायला दिलं, तिने त्यावर किडीचा डाग पाहिला. कृष्णकांतने लिंबू सालासकट चावून खाल्लं आणि डोळे मिटून म्हणाला, वा. बाजारातल्या हलवेवाल्याने तांब्याच्या पातेल्यातला गरम हलवा बोटावर दिला, कृष्णकांतने बोट चोखलं. नूतनने विचारलं, ह्याने सकाळपासून हे पातेलं कशाने पुसलंय? बकऱ्यांच्या दावणीपाशी तो थांबला, एका बोकडाच्या मानेला हात लावून उभा राहिला आणि तोच हात मग बायकोच्या खांद्यावर ठेवायला गेला. ती अशी झटकन बाजूला झाली की उस्माननेही पाहिलं. पाटाच्या कठड्यावर बसून कृष्णकांत वाहत्या पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षं आपण काय धावत होतो गं? पुण्याला गेलो की असंच सावकाश राहू. सकाळी पर्वती, संध्याकाळी तुझ्या हातचं काहीतरी. काय?"

वाक्य बोलायला ह्याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण नेमक्या त्याच वेळी त्याने चप्पल काढली होती आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांतली माती नखाने काढत होता. नूतनचं पाठ केलेलं वाक्य राहून गेलं. "बघू," एवढंच ती म्हणाली.

रात्री अंगणात जेवण. पाण्याची देखरेख करणारे खलफान मुद्दाम पाहुण्यांना भेटायला आले होते. पांढरी दाढी, पांढरा झगा, तरुणपणी मुंबईला जाऊन आलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. एकच मोठं ताट मध्ये, भात आणि वर सुकवलेल्या मुशी माशाचं कालवण, आणि सगळ्यांचे हात त्यात. उग्र वास, बोंबील फडताळात विसरून वर्षाने सापडावेत तसा. कृष्णकांतने मनगटापर्यंत हात बरबटवून भाताचे गोळे केले, खलफानांनी आपल्या हाताने त्याच्यापुढे आणखी मासा सारला, त्याने तोही संपवला. मग कॉफीचा एकच छोटा पेला सगळ्यांत फिरला. नूतनने दोन केळी खाल्ली. तीही आपल्या पर्समधली.

अति तिथे माती. पहाटेच्या अजानच्या सुमाराला कृष्णकांत अंथरुणात उठून बसला, "नूतन" म्हणाला आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच सगळं बाहेर आलं. लेंग्यावर, चादरीवर, थोडं उशीवर. मुशीचं कालवण जाताना जसं होतं, त्याहून येताना शंभरपट वाईट होतं.

नूतन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर नाकातोंडावर घट्ट. डोळ्यांत पाणी आलं ते काही काळजीने नव्हे.

"सॉरी गं," तो म्हणाला. तोंड पुसायला काही सापडेना म्हणून बाहीनेच पुसलं. "तू हात लावू नकोस. जरा पडतो आणि मग मीच धुतो."

"तुम्ही धुणार आणि तोवर हे इथेच असणार?" तिचा आवाज चिरका झाला. "काढा तो लेंगा. पडा त्या खुर्चीत."

तो बिचारा खरंच खुर्चीत पंचा गुंडाळून बसला आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. तिने चादर, लेंगा, उशीचा अभ्रा दोन बोटांनी धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले. ही घाण उस्मानने पाहावी आणि उद्या कुणा मराठी पाहुण्याला रंगवून सांगावी, हे तिला नको होतं. पर्समध्ये धुण्याच्या पावडरचं पाकीट होतंच. त्याशिवाय ती जिना उतरत नसे.

बाथरूम दोन खोल्यांत मिळून एक. शेजारच्या खोलीतला जर्मन पाहुणा आदल्या दिवशी गेला होता, पण त्याचे केस जाळीवर तसेच होते, सोनेरी, चिकटलेले, वाळलेल्या साबणासकट. नूतनने दार उघडलं तसं लावून घेतलं.

पिशवी हातभर लांब धरून ती खाली बायकांच्या जागेपाशी गेली. वर छप्पर नसलेली मातीची खोली, मधून पाट वाहतो. आत कोनाड्यात कुणाची तरी साबणाची वडी, तिच्यावर एक लांब काळा केस वेटोळं घालून चिकटलेला. खाली ओली घासणी. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण दिसण्यावर जायला नूतन काय भोळीभाबडी होती? ह्या पाण्यात वरच्या अंगाला किती दाढ्या खंगाळल्या असतील, किती जणांनी चुळा भरल्या असतील. ह्या पाण्याने धुतलेल्या चादरीपेक्षा ओकारीची चादर बरी. ती मागे फिरली आणि चालू लागली. वरच्या दिशेने.

आता इथे कुणी म्हणेल, बाईला माहीत नव्हतं. माहीत होतं हो. चांगलं माहीत होतं. उस्मानचा शब्दन् शब्द आठवत होता. पण किळस अंगात शिरली की माणसाला एकच कळतं, ही घाण माझ्यापासून लांब जायला हवी. ती कुणाकडे जाईल हा प्रश्न तेव्हा पडत नाही. आणि एवढ्या पहाटे बघतंय कोण?

टाक्यापाशी कुणी नव्हतं. डोंगराच्या कडेला नुकतं फटफटत होतं. तिने दगडावर गुडघे टेकले, पिशवी उपडी केली, पावडर भुरभुरली आणि चादर पाण्यात सोडली. आणि काय सांगावं, आल्यापासून पहिल्यांदा बाईला त्या गावात बरं वाटलं. पाणी गार, रेशमासारखं, कुणीही न शिवलेलं. तिने सावकाश चोळलं. सावकाश पिळलं. लेंगा उलटा करून त्याच्या शिवणी धुतल्या. हात कोपरापर्यंत बुडवून ठेवले आणि डोळे मिटले. कानाशी पाणी खळखळत होतं, लिंबाच्या पानांचा वास येत होता, खरंच येत होता. ज्यासाठी तेजश्रीने पैसे भरले होते ते सगळं तिला तिथे मिळालं, आणि तेही नवऱ्याची ओकारी धुताना.

परत फिरली तेव्हा तिच्या बरोबरीने पाटातून फेस चालला होता. पांढरे, फुगीर पुंजके, मधूनच पिवळसर. वाटलं विरेल. पण पाट अरुंद, तो विरेना. ती भरभर चालली तर मागे पडायचा, ती थांबली की पुढे यायचा. वळणावर एक म्हातारी उकिडवी बसून अॅल्युमिनियमच्या कळशीत पाणी घेत होती. तिने कळशी उचलली, तोंडाशी बघितलं, हुंगलं. मग सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं, डोक्यावरची ओढणी नाकावर ओढली आणि दोनदा बाजूला थुंकली.

ती खूण नूतनच्या ओळखीची होती. जन्मभर तीच करत आली होती. फक्त ह्या बाजूने तिने ती कधी पाहिली नव्हती. भिंतीआडच्या बोळातून ती घाईघाईने गेस्ट हाउसला आली, गच्चीवर चादर वाळत घातली आणि हात धुतले. पुन्हा धुतले.

ऊन वर येईतो गावभर झालं. शुक्रवारचा दिवस, नमाजाआधी हातपाय धुवायचे तर मशिदीतल्या पाण्याला साबणाचा आणि आंबूस वास. बागांच्या अलीकडची फळी उघडून सगळं पाणी ओढ्यात सोडावं लागलं, ज्याची बागेला पाणी घ्यायची पाळी होती त्याची पाळी बुडाली. टाक्याच्या फटीत रिकामं पाकीट सापडलं, हिंदी अक्षरांचं. खलफान, गावातली चार माणसं आणि ती कळशीवाली म्हातारी अशी सगळी अंगणात येऊन उभी राहिली. उस्मानचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"साहेब, वहिनी," तो हळूच म्हणाला, "गच्चीवरची चादर आमचीच हाय, ती मी बगितली. मला फक्त खरं सांगा. माझं घर हाय ह्याच्यावर. ह्यांनी म्हटलं खलास, तर मी परत बरक्याला."

कृष्णकांत अंगणातल्या खुर्चीत येऊन बसला होता, तो उठला. रात्रीपासून पोटात काही नव्हतं, उभं राहताना त्याने भिंत धरली. त्याने गच्चीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं, ते धुऊन धुऊन लाल झाले होते. त्याला सगळं समजलं हे नूतनला समजलं. तिने हात पदराखाली घेतले.

"मैंने किया," कृष्णकांत खलफानांना म्हणाला आणि हात जोडले. "सुबह तबीयत बिगड़ गई. उलटी हो गई. शर्म आई, तो ऊपर जाकर धो लिया. उस्मान की कोई गलती नहीं. मुझे माफ़ कीजिए."

म्हातारीला कुणीतरी अरबीत सांगितलं. तिने कृष्णकांतकडे नखशिखांत पाहिलं आणि पुन्हा नाकावर ओढणी घेतली. मग सगळ्यांची नजर वळली ती नूतनकडे.

एवढीच वेळ होती. एक शब्द पुरला असता. नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. आणि ह्या बाईने काय करावं? तिने पदर नाकाला लावला.

"इनको कितनी बार बोला," ती खलफानांना म्हणाली. सुरुवातीला आवाज कापत होता, पण सवयीचे शब्द तोंडात आले तसा ठाम झाला. "सुनते ही नहीं. घर में भी ऐसा ही है. कहाँ थूकना, कहाँ धोना, कुछ समझ नहीं. मैं तो तंग आ गई हूँ."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बोलताना तिला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. म्हातारीला शब्द कळले नाहीत, पण पदर कळला. ती पुढे आली आणि नूतनच्या दंडावर मायेने थोपटलं. बाईचं दुःख बाईला कळलं, असंच तिला वाटलं असणार. नूतनला त्या हाताची किळस आली नाही. तिने तो तसाच राहू दिला.

कृष्णकांतने बायकोकडे एकदाच पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

खलफान रागावले नाहीत. म्हणाले, जिसने मैला किया वो साफ़ करे, बस. ओमानी माणूस पाहुण्यावर आवाज चढवत नाही, पण शब्द मागेही घेत नाही. कृष्णकांत पँटचे पाय दुमडून वर गेला. पाणी अडवून टाकं रिकामं केलं होतं. खराटा आणि नारळाची शेंडी घेऊन त्याने दगड न् दगड घासला, फटींतला बुळबुळीतपणा नखांनी काढला. मध्ये दोनदा बाजूला जाऊन कोरड्या उलट्या केल्या आणि परत येऊन बसला. उस्मान मदतीला वाकला, तर म्हणाला, नको रे, राहू दे. शेवटी खलफान स्वतः त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि घासू लागले. पाणी पुन्हा सोडलं तेव्हा त्यांनी पहिली ओंजळ कृष्णकांतला प्यायला लावली. उस्मानचं घर वाचलं.

हे सगळं नूतनने गच्चीवरून पाहिलं. बॅगा भरून तयार होत्या.

परतीच्या रस्त्यावर गाडी तो चालवत होता. अंगाला घामाचा, शेवाळाचा आणि जुन्या ओकारीचा वास येत होता. नूतन खिडकीकडे सरकून बसली होती, पण नाकाला पदर लावायची हिंमत तिच्यात नव्हती. निझव्याचा किल्ला मागे पडला. दोन वेळा तिने घसा साफ केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, तुम्ही उगीच अंगावर घेतलंत. मी सांगणारच होते."

त्याने खिडकीची काच खाली घेतली.

"माझी चूक झाली, कबूल. मला त्या खालच्या पाण्याची इतकी किळस..."

"चादर वर नेलीस त्याचं मला काही नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या स्वभावाला दुसरं काही सुचलं नसतं. आणि मैंने किया म्हणालो त्याचंही काही नाही. नवरा आहे, म्हणालो." समोरच्या ट्रकला त्याने वाट दिली. "मला दिसायचं गं. मी चहा प्यायलो की तू डोळे मिटायचीस. कवळी काढली की खोलीतून जायचीस. मी म्हणायचो, असू दे, तिला घाण सोसत नाही, आपणच जरा गबाळे आहोत. मला खरंच तसं वाटायचं. आज सकाळपर्यंत."

"अहो..."

"पुण्याला मी एकटा जातो. तू इथेच राहा. शाळा तुला ठेवून घेईल."

हवं होतं ते हेच. दोन वर्षं, मग आणखी दोन. आमटीच्या वाट्या फक्त आमटीला. वाक्य बोलायचीही गरज उरली नव्हती, त्यानेच ते बोलून टाकलं होतं. मग तिने त्याची बाही का धरली, तीच सकाळी त्याने तोंड पुसलेली बाही?

"असं नका करू," ती म्हणाली. "रागावलात तर रागवा, दोन दिवस बोलू नका. पण असं नका करू."

"मी रागावलेलो नाही." त्याने गाडी कडेला घेतली, थांबवली, तिचा हात बाहीवरून सोडवला आणि तिच्याच मांडीवर नीट ठेवला. "तू म्हातारीसमोर नाक धरून उभी राहिलीस ना, तेव्हा मला तुझी किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाची तरी किळस आली, नूतन. आणि ज्याची किळस येते त्याच्या शेजारी रोज जेवायचं, रोज झोपायचं, हे तू इतकी वर्षं कसं केलंस मला माहीत नाही. मला एक दिवसही जमणार नाही."

एवढं बोलून त्याने आरशात बघितलं, मागून कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.